चिग्वा ही प्रजाती का मिटली? एका दुर्मीळ सायकॅडच्या वर्गीकरणाचे प्रकरण

१९९० साली उत्तर कोलंबियातल्या सिनू नदीच्या खोऱ्यातून सायकॅडांची, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या पण फुले न येणाऱ्या झाडांची, एक नवी प्रजाती जाहीर झाली. नाव ठेवले चिग्वा. २००९ मध्ये ती प्रजाती रद्द झाली आणि तिच्यातली वनस्पती झामिया या जुन्या, मोठ्या प्रजातीत सामावली. मधल्या एकोणीस वर्षांत ज्यांनी सायकॅडांविषयी काही वाचले असेल, त्यांच्या वाचनात 'जगात सायकॅडांच्या अकरा प्रजाती आहेत' हे वाक्य आले असणार. आज ती संख्या दहा सांगितली जाते. हा एकाचा फरक कसा पडला, आणि तो पडल्याने जंगलातल्या त्या झाडाचे काय झाले, हे या प्रकरणात पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. प्रजाती रद्द करण्याचा निर्णय योग्य होता. पण १९९० चा निर्णयही उथळ नव्हता, आणि ते समजून घेतल्याशिवाय दुसरा निर्णय का योग्य ठरला हे कळत नाही.

पुढच्या लिखाणात 'जाती' म्हणजे एकच एक प्रकारची वनस्पती आणि 'प्रजाती' म्हणजे जवळच्या जातींचा गट, असा वनस्पतीशास्त्रातला मराठी वापर ठेवला आहे. नावाचा पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा.

झाड कोणते?

सायकॅड ही अनावृतबीजी झाडे आहेत, म्हणजे त्यांना फुले आणि फळे येत नाहीत. बिया बहुधा शंकूत धरतात. नर आणि मादी झाड वेगळे असते. पाने नेच्यांसारखी किंवा माडासारखी पिसाकार असल्यामुळे अनोळखी माणूस त्यांना नेचा किंवा ताड समजतो. मुळांचा काही भाग जमिनीलगत पोवळ्यासारखा फाटे फोडतो आणि त्यात नायट्रोजन स्थिर करणारे नीलहरित जीवाणू राहतात. वाढ संथ असते. आपले झाड या सगळ्यात कुठेच वेगळे नाही. खोड जमिनीत पुरलेले, वर थोडी पाने, देठावर काटे, पर्णिकांच्या, म्हणजे पानाच्या सुट्या पात्यांच्या, कडा दातेरी. सावलीतल्या दमट जंगलात ते शंकूशिवाय उभे असेल तर सरावलेल्या डोळ्यालाही चटकन दिसायचे नाही.

फ्रान्सिस पेनेल या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञाने १९१८ साली कोलंबियात फिरताना याचे नमुने गोळा केले होते. त्या नमुन्यांतून नवी प्रजाती उभी राहायला सात दशके लागली. वनस्पतीसंग्रहांत हे नेहमीचेच आहे. वाळवलेला नमुना कपाटात असतो, पण त्याच्याकडे योग्य प्रश्न घेऊन पाहणारा माणूस यावा लागतो. इथे तो माणूस होता न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधला सायकॅडतज्ज्ञ डेनिस स्टीव्हन्सन. त्याने चिग्वा प्रजाती मांडली आणि तिच्यात दोन जाती दाखवल्या: चिग्वा रेस्त्रेपोई आणि चिग्वा बेर्नाली. दुसरी कोलंबियन वनस्पतीशास्त्रज्ञ रोद्रिगो बेर्नाल यांच्या नावाने. पहिली सेर्हिओ रेस्त्रेपो यांच्या नावाने. ते याच खोऱ्यातल्या तिएर्राल्ता या गावात काम करणारे जेझुइट पाद्री होते आणि जून १९८९ मध्ये त्याच गावात त्यांची हत्या झाली. या खोऱ्यात काम करणे म्हणजे काय होते, हे त्या नावावरूनच कळावे.

सगळा वाद एका शिरेचा

आता मुख्य पुराव्याकडे येतो, आणि इथे थोडे थांबणे भाग आहे, कारण सायकॅडांचे वर्गीकरण बराच काळ पर्णिकेतल्या शिरांवर उभे होते.

सायकॅडची पर्णिका उजेडासमोर धरली की तीन प्रकारच्या रचना दिसतात. सायकस प्रजातीत पर्णिकेच्या मधोमध एकच जाड शीर असते; तिला बाजूच्या शिरा नसतात. झामिया, एन्सेफालार्टोस, मॅक्रोझामिया, डायून वगैरे बहुतेक प्रजातींत उलट आहे. तिथे मध्यशीर नसतेच. पर्णिकेच्या बुडातून अनेक शिरा निघतात, दुभंगत दुभंगत जवळजवळ समांतर टोकाकडे जातात. तिसरी तऱ्हा दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्टँगेरियाची. तिच्यात ठसठशीत मध्यशीर आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना निघालेल्या शिरा, अगदी नेच्यासारख्या. हे साम्य इतके दाट आहे की १८३० च्या दशकात गुस्ताव्ह कुन्झे या जर्मन शास्त्रज्ञाने स्टँगेरियाचे वर्णन नेचा म्हणूनच केले होते. शंकू पाहायला मिळाल्यावर चूक उमगली आणि १८५३ मध्ये टॉमस मूरने तिला स्टँगेरिया हे प्रजातीनाम दिले.

१९५९ साली ऑस्ट्रेलियन वनस्पतीशास्त्रज्ञ लॉरेन्स जॉन्सन याने सायकॅडांची तीन कुले, म्हणजे प्रजातींचे मोठे गट, पाडली: सायकॅडेसी, स्टँगेरिएसी आणि झामिएसी. शिरांची रचना ही या विभागणीतली एक महत्त्वाची खूण होती. पुढची काही दशके प्रत्येक सायकॅड अभ्यासकाच्या मनात ही चौकट पक्की होती: शिरा बदलल्या की प्रजाती बदलते, कधी कधी कुलही बदलते.

या चौकटीत सिनूच्या खोऱ्यातले झाड ठेवून पाहा. काटेरी देठ झामियाचे. पानाच्या मधल्या दांड्याला सांध्याने जोडलेल्या आणि म्हणून गळून पडणाऱ्या पर्णिका झामियाच्या. शंकूंची ठेवण झामियाची. आणि पर्णिकेत मात्र स्पष्ट मध्यशीर, तिच्यापासून निघून दुभंगत जाणाऱ्या बाजूच्या शिरा. झामियाच्या अंगावर स्टँगेरियाची आठवण करून देणारे पान! त्या वेळच्या समजुतीनुसार स्टीव्हन्सनने जे केले तेच कोणीही काळजीपूर्वक काम करणारा शास्त्रज्ञ करता. त्याच्या लेखाच्या शीर्षकातच या प्रजातीच्या वनस्पतिभौगोलिक महत्त्वाचा उल्लेख आहे. दक्षिण अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात सायकॅडांची एक वेगळी शाखा शिल्लक आहे, हे खरे असते तर खरोखरच मोठी गोष्ट होती.

खूण किती वजनाची?

पान कोणी चुकीचे पाहिले नव्हते. मध्यशीर होती आणि आहे. प्रश्न होता तो त्या खुणेला किती वजन द्यायचे हा.

वर्गीकरणात एखादे लक्षण ठळक दिसते म्हणून ते खोलवरचे नाते सांगतेच असे नाही. लक्षणाचे वजन ठरवायचे तर आधी पाहावे लागते की त्या गटात ते लक्षण किती सहज बदलते. आणि झामिया हा गट पानांच्या बाबतीत सायकॅडांमधला सगळ्यात चंचल गट आहे. फ्लॉरिडा-जॉर्जियापासून कॅरिबियन बेटे, मेक्सिको, मध्य अमेरिका ते खाली बोलिव्हियापर्यंत पसरलेल्या या प्रजातीत आज ऐंशीहून अधिक जाती मानल्या जातात. त्यांत गवताच्या पात्यासारख्या अरुंद पर्णिकांची झामिया अंगुस्तिफोलिया आहे. खोल चुण्या पडलेल्या रुंद पर्णिकांची पनामातली झामिया स्किनेरी आहे. कोलंबियातलीच झामिया वालिसी तर मोजक्याच पण प्रचंड पर्णिका धरते. पनामाच्या दमट जंगलात झामिया स्यूडोपॅरासिटिका दुसऱ्या झाडांवर उंच वाढते. सायकॅडांमध्ये असे जगणे जवळजवळ तिच्यापुरतेच. कुठे खोड जमिनीखाली, कुठे माणसाच्या डोक्यावरून गेलेले. आणि हे सगळे असूनही यांना एकाच प्रजातीत ठेवायला कोणाची हरकत नाही, कारण शंकू आणि बाकीची ठेवण एकच सांगते.

इतकी मोकळीक ज्या गटाने पानांना दिली आहे, तिथे एका जातीत मधल्या शिरा एकत्र येऊन मध्यशीर झाली तर तो मोठा विच्छेद मानायचा का? मला वाटते, नाही. खोड, खवले, शंकू, बीज यांपैकी आणखी एखादे स्वतंत्र लक्षण चिग्वाच्या बाजूने उभे राहिले असते तर वेगळा विचार करावा लागला असता. बाजू एकाच शिरेवर तोललेली होती.

शिरांवर जास्त भरवसा टाकण्याचा धोका स्टँगेरियाच्या बाबतीतही उघड झाला. डीएनएच्या अभ्यासांत स्टँगेरिया वेगळ्या कुलाची ठरली नाही. ती झामिएसीच्या आत, झामिया आणि क्यूबातली मायक्रोसायकस यांच्या नातलगांत जाऊन बसली. म्हणून आता सायकॅडांची दोनच कुले मानतात. म्हणजे ज्या चौकटीच्या आधारावर चिग्वा वेगळी काढली, ती चौकटच ढासळली.

चिग्वाचेही तेच झाले. डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षांत ती झामियाच्या शेजारी न येता झामियाच्या आत पडते. हा 'शेजारी' आणि 'आत' यांतला फरक निर्णायक आहे. शेजारी असती तर दोन बहीण-प्रजाती म्हणून दोन्ही नावे राहू शकली असती. आत आहे, म्हणजे झामियातल्या काही जाती झामियातल्याच इतर जातींपेक्षा चिग्वाला जवळच्या आहेत. एकत्र कुटुंबातल्या चार भावांपैकी एकाचे नाक वेगळे म्हणून त्यालाच दुसरे आडनाव द्यावे, तसा प्रकार. आजच्या वर्गीकरणात प्रजाती म्हणजे एका पूर्वजाचे सगळे वंशज असा आग्रह असतो. मधूनच एक फांदी काढून तिला वेगळे नाव दिले तर उरलेला गट अर्धवट होतो.

तीन वाटा

अशा वेळी तीन वाटा असतात. पहिली, चिग्वा ठेवायची आणि झामिया अर्धवट गट आहे हे मान्य करायचे. दुसरी, चिग्वा टिकावी म्हणून झामियाचेच अनेक तुकडे करायचे. तिसरी, चिग्वा झामियात विलीन करायची.

दुसऱ्या वाटेवर क्षणभर विचार करण्याजोगे काही आहे, कारण झामियाचा अंतर्गत वंशवृक्ष खरोखर फांद्याफांद्यांचा आहे. मायकेल कालोन्हे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, कोणती फांदी कधी फुटली हेही मोजणाऱ्या वंशवृक्षात या फांद्या रूपापेक्षा भूगोलाशी जुळतात. एका प्रदेशातल्या जाती एकमेकींच्या जवळ येतात, मग त्या दिसायला कितीही वेगळ्या असोत. पण त्या फांद्यांना वेगवेगळी प्रजातीनामे द्यायची तर हातात धरून दाखवता येतील अशी लक्षणे हवीत. नुसत्या नकाशावरून प्रजाती ओळखायची वेळ आली तर ते वर्गीकरण कोणाच्या उपयोगाचे? शिवाय डझनावारी जातींची नावे बदलतील ती वेगळीच. उरली तिसरी वाट.

ती घेतली थायलंडमधल्या नोंग नूच उद्यानातला सायकॅडतज्ज्ञ अँडर्स लिंडस्ट्रॉम याने. २००९ मध्ये टॅक्सॉन या नियतकालिकात त्याने झामियातल्या काही नावांचे मूळ नमुने, म्हणजे ते नाव ज्याला कायमचे बांधलेले असते असे नमुने, निश्चित केले आणि त्याच लेखात चिग्वाच्या दर्जाची तपासणी करून ती झामियात मिळवली. नाव झाले झामिया रेस्त्रेपोई. मिळवताना झामिया हेच नाव का राहिले, याचे उत्तर नामकरणाच्या नियमात आहे: जुने नाव आधी. लिनीयसने झामिया १७६३ मध्ये दिले, चिग्वा १९९० चे. 'रेस्त्रेपोई' हा दुसरा शब्द व्यक्तिनामाची षष्ठी आहे, त्यामुळे प्रजातीचे लिंग बदलले तरी त्याचे रूप बदलत नाही. पूर्ण नाव लिहिताना स्टीव्हन्सनचे नाव कंसात आणि लिंडस्ट्रॉमचे कंसाबाहेर येते. जात ओळखली एकाने, जागा बदलली दुसऱ्याने, हे त्या एका ओळीत कायमचे नोंदलेले राहते. ही पद्धत मला फार आवडते. आधीच्या माणसाचे श्रेय पुसले जात नाही.

चिग्वा बेर्नाली हे दुसरे नाव आता स्वतंत्र जात मानले जात नाही. ते झामिया रेस्त्रेपोईचे समानार्थी नाव आहे. म्हणजे एक प्रजाती आणि दोन जाती यांचा हिशेब शेवटी एका जातीवर आला. इथे एक सावधगिरी लागते. झामिया चिग्वा नावाची जात एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि ती पूर्णपणे वेगळी वनस्पती आहे. कोलंबियात चिग्वा हे सायकॅडांचे स्थानिक नाव असल्याने ते दोनदा दोन ठिकाणी वापरले गेले. जुने लेख किंवा नमुन्यांच्या चिठ्ठ्या वाचताना चिग्वा हा शब्द नावात पहिला आहे की दुसरा, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नाव बदलले की संरक्षणाचे काय?

हा भाग मला वर्गीकरणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. साइट्स करारात, म्हणजे धोक्यातल्या वन्यजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात, सर्व सायकॅड किमान परिशिष्ट दोनमध्ये आहेत. त्यांचा व्यापार परवान्याने होऊ शकतो. काही मोजके सायकॅड परिशिष्ट एकमध्ये आहेत. तिथे जंगलातून काढलेल्या रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापारी व्यवहार बंद असतो. एन्सेफालार्टोस, सेराटोझामिया, मायक्रोसायकस, स्टँगेरिया या पंक्तीत चिग्वाही होती, आणि ती नोंद संपूर्ण प्रजातीच्या नावावर होती: चिग्वाच्या सर्व जाती.

आता प्रजातीच रद्द झाली. झामियाच्या बाकी जाती परिशिष्ट दोनमध्ये. नोंद दुरुस्त केली नसती, तर एखादा निर्यातदार म्हणू शकला असता की माझ्याकडे चिग्वा नाही, झामिया आहे, आणि शास्त्रही तेच म्हणते. वर्गीकरणातला एक बरोबर निर्णय कायद्यात भोक पाडू शकतो तो असा. सुदैवाने इथे तसे झाले नाही. परिशिष्ट एकमध्ये आता झामिया रेस्त्रेपोई हे नाव स्वतंत्रपणे लिहिलेले आहे. झामियातून या एका जातीला उचलून वरच्या यादीत ठेवले आहे. कराराची वनस्पती समिती आणि नामकरणाचे काम पाहणारे लोक असले दुवे सांभाळतात. त्यांच्या कामाची बातमी कधी होत नाही. झाडाच्या दृष्टीने मात्र ते क्षेत्रकार्याइतकेच मोलाचे आहे.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. संवर्धनाचा पैसा आणि लक्ष कुठे जावे हे ठरवताना 'एकमेव प्रजाती', 'वेगळी शाखा' अशा शब्दांना भाव असतो. जगातल्या अकरा सायकॅड प्रजातींपैकी एक, हे वाक्य कोणत्याही प्रस्तावात वजनदार. ऐंशीहून अधिक झामियांपैकी एक, हे वाक्य फिके. काही जणांना म्हणूनच चिग्वा गेल्याचे वाईट वाटले असेल, आणि मी ती भावना समजू शकतो. पण संवर्धनासाठी वर्गीकरण वाकवणे हा उपाय नाही. आज सोयीसाठी प्रजाती टिकवली तर उद्या सोयीसाठी ती कोणी मोडूही शकतो. झामिया रेस्त्रेपोई अतिसंकटग्रस्त आहे ती तिच्या थोड्या झाडांमुळे आणि लहान क्षेत्रामुळे. प्रजातीचा दर्जा त्यात कुठेच येत नाही.

'जिवंत जीवाश्म' या शब्दाबद्दलही इथेच बोलावे लागेल, कारण सायकॅडांविषयीचे बहुतेक आर्जव त्याच शब्दावर उभे असते. सायकॅडांचा वंश फार प्राचीन आहे यात शंका नाही. पण नताली नागलिंगम आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सायन्समध्ये दाखवले की आजच्या जातींचा मोठा भाग गेल्या सुमारे सव्वा कोटी वर्षांतला आहे. डायनोसॉरांच्या काळातून तशीच उतरलेली ही झाडे नाहीत. झामियाच्या जाती भूवैज्ञानिक मापाने तरुण आहेत. थोड्या काळात पानांची इतकी रूपे निघाली असतील, तर मध्यशीर हे अशाच एका अलीकडच्या वळणाचे फलित असणे अगदी स्वाभाविक आहे. मला तर या दृष्टीने ही जात अधिकच मोलाची वाटते. झामियासारख्या गटात समांतर शिरांपासून मध्यशीर कशी घडते, हे तपासायला निसर्गाने दिलेले दुसरे उदाहरण कुठे आहे?

खोऱ्याची परिस्थिती

सिनूचे वरचे खोरे हे सोपे क्षेत्र नाही. नदीवर तिएर्राल्ताच्या वर उर्रा हे जलविद्युत धरण बांधले गेले. नोव्हेंबर १९९९ मध्ये जलाशय भरायला सुरुवात झाली आणि हजारो हेक्टर जमीन पाण्याखाली गेली. एंबेरा कातीओ या आदिवासींनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. कोलंबियाच्या संवैधानिक न्यायालयाने १९९८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला होता, तरी धरण झाले. त्यांचा नेता किमी पेर्निया दोमिको याला २००१ मध्ये तिएर्राल्तातून पळवून नेण्यात आले आणि नंतर त्याला मारल्याचे उघड झाले. सशस्त्र गटांचा वावर, जंगलतोड, गुरांसाठी मोकळी केलेली जमीन, हे सगळे याच पट्ट्यात. जंगलात जाऊन झाडे मोजणे, नर-मादी शंकू एकाच हंगामात पाहणे, परागण करणारे भुंगे गोळा करणे ही सायकॅड अभ्यासातली साधी कामे इथे अनेक वर्षे करता येत नव्हती.

वर्गीकरणाच्या वादात हे विसरले जाते. 'नमुने अपुरे होते' असे म्हणणे सोपे आहे. मोजक्या नमुन्यांवरून दोन जाती वेगळ्या वाटणे आणि पुढे त्या एकच ठरणे, हे अपुऱ्या साहित्याचे नेहमीचे लक्षण आहे. एका टेकडीवरच्या झाडांतही पर्णिकांचे आकार किती बदलतात हे पाहायला झाडांचा सगळा समूह समोर हवा. कोलंबियात झामियांच्या संवर्धनाचा राष्ट्रीय कृती आराखडा तयार झाला आणि त्यात या जातीलाही स्थान मिळाले, तेव्हा कुठे तिच्याकडे संग्रहातला नमुना म्हणून नव्हे तर जगणाऱ्या झाडांचा समूह म्हणून पाहण्याची पद्धतशीर सोय झाली.

ओळखायचे कसे?

एक व्यावहारिक प्रश्न राहतो, आणि त्याचे उत्तर पुन्हा त्या शिरेकडेच नेते. प्रजाती ठरवण्यासाठी मध्यशीर कमी पडली, पण जात ओळखण्यासाठी तीच सर्वांत हाताशी असलेली खूण आहे. वर्गीकरण आणि ओळख ही दोन वेगळी कामे. पहिल्यात नाते शोधायचे असते, दुसऱ्यात फक्त शेजाऱ्यांपासून वेगळे काढायचे असते. बंदरावर किंवा विमानतळावर पकडलेल्या सायकॅडांच्या ढिगात शंकू बहुधा नसतात. पाने छाटलेली, कंद उघडे, चिठ्ठीवर जेमतेम 'झामिया' असा शब्द. अशा वेळी डीएनए तपासायला वेळ लागतो. एखादी शिल्लक पर्णिका मात्र उजेडासमोर धरायला क्षणभर पुरतो. चुण्या पडलेल्या पर्णिकांच्या झामियांत शिरा उठावदार असल्या तरी त्या बुडापासूनच अनेक निघतात. एका मध्यशिरेपासून फुटत नाहीत. हा भेद तपासनिसाच्या हातातल्या पुस्तिकेत चित्रासह असायला हवा, आणि त्या पानावर चिग्वा रेस्त्रेपोई व झामिया रेस्त्रेपोई ही दोन्ही नावे छापलेली हवीत, कारण जुन्या परवान्यांवर आणि उद्यानांच्या पाट्यांवर पहिले नाव अजून बराच काळ सापडत राहील.